तो मुलगा मोठा झालाय, त्यालाही बोलवा

प्रति,
कोल्हापुरातली तालीम मंडळं, चित्रपटप्रेमी मंडळं आणि शाळांच्या स्नेहसंमेलन समित्या.

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षक आहे. तीस वर्षं मराठी शिकवलं आणि जवळजवळ तेवढीच वर्षं या शहरातल्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलं. शाहू स्मारकमध्ये, शाळांच्या पटांगणांवर, पेठांतल्या गणपतीच्या मंडपांत, किती वेळा तुमच्या माईकसमोर उभा राहिलो त्याचा हिशेब नाही. तुम्ही हक्कानं बोलावलंत, मी हक्कानं आलो. त्याच हक्कानं आज हे लिहितोय.

डिसेंबर तोंडावर आलाय. स्नेहसंमेलनांची गडबड सुरू झाली असेल. २४ तारखेला साने गुरुजींची जयंती, त्यानिमित्त दोन-चार ठिकाणी 'श्यामची आई' दाखवला जाईल. प्रमुख पाहुणा कोण, यावर बैठका बसतील आणि कुणीतरी नक्की म्हणेल, "त्या दुसऱ्या गावाकडच्या पिक्चरमधला तो पोरगा आपल्याच भागातला आहे की, त्यालाच बोलवूया." हे पत्र त्या पोराबद्दल आहे. चित्रपटात तो बारा वर्षांचा होता आणि आज चाळिशी ओलांडून गेलाय, तरी आपण त्याला त्या बारा वर्षांतून बाहेर येऊ देत नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी माझ्या हातून घडलेलं सांगतो.

केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची एकट्याची नव्हती. प्रमुख पाहुणे म्हणून एका जुन्या ग्रामीण चित्रपटातला बालकलाकार येणार होता. सभागृहाच्या दारात आठ बाय दहाचा फ्लेक्स लावलेला. त्यावर चित्रपटातलाच फोटो: खाकी अर्धी चड्डी, तेल लावून चप्प बसवलेले केस, काखेत पाटी. खाली मोठ्या अक्षरात भूमिकेचं नाव, आणि त्याचं स्वतःचं नाव कंसात.

पाहुणे मोटारसायकलवरून आले. चौकड्यांचा शर्ट, हातात हेल्मेट. दारातल्या स्वयंसेवकानं त्यांना फ्लेक्सखालीच अडवलं आणि पाससाठी हात पुढं केला. त्यांनी काही न बोलता बाजूला सरून वाट पाहिली, मग गर्दीबरोबर आत येऊन तिसऱ्या रांगेत बसले. मी व्यासपीठावरून दोनदा नाव पुकारलं. दुसऱ्या वेळी त्यांनी वर्गात हजेरी द्यावी तसा हात वर केला. सगळं सभागृह मान वळवून पाहायला लागलं, आणि पहिली प्रतिक्रिया उमटली ती, "हा? हा तो?"

फेटा बांधला, शाल घातली, श्रीफळ दिलं. तेवढ्यात खालून माझ्या हातात चिठ्ठी आली: 'डायलॉग म्हणायला लावा.' मी लावला. अशा वेळी काय बोलायचं ते मला तोंडपाठ आहे. "कोल्हापूरकरांचा हट्ट आहे, तुम्ही नाही म्हणायचं नाही." त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हटला. बारा वर्षांच्या पोराच्या कोवळ्या आवाजातलं ते वाक्य आता घोगऱ्या, थकलेल्या आवाजात आलं. लोक हसले, शिट्ट्या पडल्या, मोबाईल वर झाले. "वन्स मोअर" झाला. त्यांनी पुन्हा म्हटला. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून चौघडी घातलेला एक कागद काढला आणि माईककडं पाहिलं. मी घड्याळ पाहिलं. पुढं बक्षीस वितरण होतं, त्यानंतर ऑर्केस्ट्रा. मी म्हणालो, "खूप खूप धन्यवाद, जोरदार टाळ्या होऊ द्यात." त्यांनी कागदाची घडी पुन्हा नीट केली आणि शालीखालून खिशात ठेवली.

ती घडी करणारी बोटं मला अजून दिसतात. बोटांच्या पेरांत काळं बसलेलं होतं, फाउंड्रीतल्या माणसाच्या हातावर बसतं तसं. साबणानं न जाणारं.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या गाड्यावर मी त्यांना चहासाठी थांबवलं आणि कागदाचं विचारलं. आधी नको म्हणाले. मग काढून दिला. राज्य नाट्य स्पर्धेत गेल्या एकोणीस वर्षांत केलेल्या चौदा नाटकांची नावं होती, कुठं अभिनय, कुठं दिग्दर्शन, कुठं नुसती प्रकाशयोजना. सकाळी शिरोलीच्या एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट, संध्याकाळी तालीम, हे एकोणीस वर्षं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली तेव्हा ते खासबागेजवळ रस्त्यावर उभं राहून पाहत होते. ज्या रंगमंचावर चौदा नाटकं उभी केली तो डोळ्यांदेखत गेला. आता गटातल्या पोरांना तालमीला जागा नाही. कागदाच्या शेवटी तेवढंच लिहिलं होतं: कुणाकडं मोकळा हॉल असेल तर संध्याकाळी दोन तास द्यावा, विजेचं बिल आम्ही भरू.

"पाच मिनिटं बोलणार होतो," ते म्हणाले. मी काहीतरी सारवासारव करायला गेलो तर मलाच म्हणाले, "असू दे सर. लोकांनी बोलवलं हेच लय झालं."

मंडळी, त्या सभागृहात त्या रात्री चारशे माणसं होती. त्यांतल्या दहा जणांकडं तरी हॉल असणार. माईक माझ्या हातात होता आणि मी तो काढून घेतला.

त्यानंतर काही महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, माधव वझे गेले. बातमी आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर आली ती एका फोटोसह. डोक्याचा गोटा, शेंडी, मोठे डोळे. १९५३ च्या 'श्यामची आई'तला श्याम. मी तो फोटो पुढं पाठवला, 'श्रद्धांजली' म्हणून. पाठवल्यावर लक्षात आलं की वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी गेलेल्या माणसाला मी बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या फोटोनं निरोप दिला. त्यांचा अलीकडचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर येईना. मी मराठीचा शिक्षक, आणि ज्यांनी पुण्यात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं त्या प्राध्यापकाचा चेहरा मला आठवेना.

'श्यामची आई'चं मोल मी तुम्हाला काय सांगावं. आचार्य अत्र्यांनी तो काढला आणि पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, १९५४ मध्ये, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. देशातला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट. मी तो पहिल्यांदा पाहिला शाळेच्या हॉलमध्ये, भिंतीवर पांढरं धोतर ताणून. पोहायला जायला घाबरून माळ्यावर दडून बसलेल्या श्यामला आई काठीनं बाहेर काढते, तिथं आमचा अख्खा वर्ग गप्प झाला होता. आमच्यातले निम्मे रंकाळ्यात पोहायला शिकलेले आणि उरलेले निम्मे त्या पोरासारखेच घाबरट. मी घाबरट निम्म्यांतला. त्या मुलानं पडद्यावर जी भीती दाखवली ती माझीच होती, म्हणून तो मला आजवर सोडून गेला नाही. हे प्रेम खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही.

पण हेही पाहा. त्या चित्रपटातल्या आईचं काम वनमाला यांनी केलं. त्याआधी १९४१ च्या 'सिकंदर'मध्ये त्या सोहराब मोदी आणि पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. अत्र्यांचं विचाराल तर नाटकं, विडंबनं, 'मराठा' दैनिक, संयुक्त महाराष्ट्राचा लढा. संगीत वसंत देसाई यांचं, आणि ते तर आपल्या कोल्हापुरातले म्हणावेत असे: १ जून १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथं सुरू झाली, त्या सुरुवातीच्या दिवसांत तिच्यात आलेला हा पोरगा. पुढं 'दो आंखें बारह हाथ'चं संगीत त्यांनी दिलं. या सगळ्यांच्या आयुष्यात 'श्यामची आई' हे एक मोठं काम आहे, आणखी कामांच्या शेजारी ठेवलेलं. ज्याच्या चेहऱ्यावर तो चित्रपट उभा राहिला त्या मुलाच्या बाबतीत मात्र आपण शेजारी काही ठेवतच नाही. तिथंच त्याला कुलूप लावतो.

असं का होतं याचा मी बराच विचार केला. मोठ्या नटाचा चेहरा हळूहळू बदलतो, आपण त्याच्याबरोबर म्हातारे होतो, त्यामुळं तो आपल्या ओळखीचा राहतो. लहान मुलाचं तसं नसतं. चार वर्षांत आवाज फुटतो, मिसरूड येतं, नाक-जबडा बदलतो. पडद्यावरचा मुलगा आणि समोरचा माणूस यांच्यात आपल्याला धागा सापडत नाही. मग आपण समोरच्या माणसाकडं तो मुलगा मागतो. डायलॉग म्हणायला लावतो तो त्यासाठीच, की निदान आवाजात तरी तो कुठं सापडतोय का बघू. आणि तो सापडत नाही तेव्हा आपण थोडे हिरमुसतो. "हा? हा तो?" हे त्या हिरमोडाचंच वाक्य. त्या माणसानं ते आयुष्यात किती दारांत ऐकलं असेल, याचा विचार मी तरी चहाच्या गाड्यावर पहिल्यांदा केला.

वझे सरांनी काय केलं ते आता सांगतो, कारण हे आपल्या कुठल्याच निमंत्रण पत्रिकेवर छापलं गेलेलं मी पाहिलेलं नाही. सुवर्णपदक मिळालेल्या चित्रपटाचा हा नायक पुढं सिनेमाच्या मागं धावत सुटला नाही. तो शिकला, इंग्रजीचा प्राध्यापक झाला, आणि नाटकाकडं गेला. नाटकं बसवली, आणि त्याहून मोठं काम म्हणजे दुसऱ्यांची नाटकं पाहिली, वर्षानुवर्षं, आणि त्यांवर लिहिलं. आपल्याकडं नाट्यसमीक्षा म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर चार ओळी कौतुकाच्या. त्यांनी ती अभ्यासाची गोष्ट केली. 'रंगमुद्रा'मध्ये त्यांनी रंगभूमीवरच्या माणसांबद्दल लिहिलं. प्रायोगिक आणि समांतर रंगभूमीवर पुस्तकं लिहिली, ज्या नाटकांना धड तिकीटखिडकीही नव्हती त्या नाटकांबद्दल. ज्या मुलाकडं साऱ्या महाराष्ट्रानं डोळे भरून पाहिलं, त्यानं उरलेली सत्तर वर्षं दुसऱ्यांकडं पाहण्यात घालवली. मला यापेक्षा मोठी कारकीर्द सुचत नाही.

आणि त्यांना त्या एका भूमिकेचा राग होता असंही कुणी समजू नये. त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, 'श्यामची आई, आचार्य अत्रे आणि मी'. नावातला क्रम बघा. आधी चित्रपट, मग अत्रे, शेवटी 'मी'. भूमिकेचं देणं त्यांनी स्वतःच्या हातानं चुकतं केलं आणि स्वतःला शेवटच्या खुर्चीवर बसवलं. निदान त्या खुर्चीवरच्या माणसाकडं आपण पाहायला हवं होतं. पडद्यावरही ते पुन्हा आलेच, म्हातारपणी, २००९ च्या 'थ्री इडियट्स'मध्ये छोट्याशा कामात, मग २०१६ च्या 'डिअर जिंदगी'मध्ये आजोबा होऊन. आपण ते चित्रपट पाहिले. त्या आजोबांना पाहून "अरे, हा आपला श्याम" असं मी तरी म्हणालो नव्हतो. घरी येऊन मुलीनं सांगितलं तेव्हा कळलं.

आता मुद्द्याची गोष्ट. कोल्हापूरनं हे जमवून दाखवलेलं आहे. एकदा दाखवलंय, तेही शंभर वर्षांपूर्वी.

केशवराव भोसले कोण होते? तुमच्यापैकी अनेकांसाठी ते एका इमारतीचं नाव असेल. केशवराव म्हणजे कोल्हापुरात १८९० साली जन्मलेला एक गरीब घरचा मुलगा, कोवळ्या वयात नाटक कंपनीत गेलेला. देवलांच्या 'शारदा'मधली शारदा त्यानं केली आणि महाराष्ट्र वेडा झाला. म्हाताऱ्याशी लग्न लावून देतील या भीतीनं गांगरलेली ती पोर, आणि तिचं काम करणारा हा पोर. एका भूमिकेनं लहान वयात सगळं मिळालं. आता विचार करा, त्या वेळच्या लोकांनीही हट्ट धरला असता की आम्हाला फक्त शारदा हवी, तर काय झालं असतं? आवाज फुटल्यावर हा मुलगा संपला असता. पण १९०८ मध्ये, वयाची अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत, त्यानं हुबळीला 'ललितकलादर्श' ही स्वतःची कंपनी काढली. साडी उतरवून पुरुष भूमिका केल्या. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन कंपन्यांनी मिळून केलेलं 'संयुक्त मानापमान' नाटक झालं, त्यात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, ते गेले. एकतीस वर्षांचं आयुष्य.

शाहू महाराजांनी त्यांच्यामागं उभं राहताना शारदेचं पद पुन्हापुन्हा म्हणून घेतलं नाही, वाढत्या नटाला आणि त्याच्या कंपनीला आधार दिला. १९१५ मध्ये महाराजांनीच बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढं केशवरावांचं नाव मिळालं. कुणी 'शारदा नाट्यगृह' म्हटलं नाही. माणसाचं नाव दिलं. ते जळाल्यावर आपण सगळे रडलो. त्या राखेसमोर रडणाऱ्या गावानं चाळीस वर्षांच्या नटाला बारा वर्षांचा डायलॉग म्हणायला लावावा, हे मला आता सोसवत नाही.

राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. कधी गेला नसाल तर जा. पडद्यावरचा हा रांगडा राजबिंडा माणूस तिथं भेटतो तो चित्रकार म्हणून. पावडर शेडिंगची त्यांची कामं, निसर्गचित्रं, ओळीनं लावलेली. आत गेल्यावर दहा मिनिटांत आपण त्यांचे चित्रपट विसरतो. असं काहीतरी वझे सरांसाठी पुण्यात व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण ते माझ्या हातात नाही. आपल्या हातात आपले कार्यक्रम आहेत.

चित्रपटप्रेमी मंडळांना एक खास विनंती आहे. तुम्ही फ्रेंच चित्रपट दाखवता, दिग्दर्शक त्रुफोचा १९५९ चा 'द फोर हंड्रेड ब्लोज' बहुतेकांनी दाखवला असेल. त्यातला ज्याँ-पिएर लिओ हा मुलगा त्या वेळी चौदा वर्षांचा. त्रुफोनं त्याला तिथं सोडून दिलं नाही. तेच पात्र मोठं होताना, प्रेमात पडताना, संसार मोडताना त्यानं १९७९ पर्यंत आणखी चार वेळा दाखवलं, त्याच नटाला घेऊन. त्यांतला शेवटचा चित्रपट पहिल्याच्या शेजारी लावा, एकाच दिवशी. तेच 'श्यामची आई'चं करा. चित्रपट संपला की दिवे लावून लोकांना घरी पाठवू नका. वझे सरांच्या पुस्तकातली दोन-तीन पानं कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. तो मुलगा त्या शूटिंगबद्दल मोठेपणी काय म्हणतो, हे ऐकल्यावर पुन्हा तो चित्रपट पाहताना वेगळं वाटतं, हा माझा अनुभव आहे.

शाळांना आणि पालकांना सांगायचं आहे ते जास्त घाईचं आहे. आपल्या जिल्ह्यात मालिकांची, चित्रपटांची शूटिंग होत असतात, पोरं ऑडिशनला जातात. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत बालकलाकाराचा मान मराठी चित्रपटांतल्या मुलांनीही मिळवला, आणि त्याच पुरस्कारांत नव्यानं केलेल्या 'श्यामची आई'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं पारितोषिक मिळालं. म्हणजे आणखी एक श्याम आता आपल्यात मोठा होतोय. माझ्या शाळेतली एक मुलगी सातवीत असताना मालिकेत गेली. परत आली तेव्हा वर्गातली मुलंच काय, आम्ही शिक्षकही तिला मालिकेतल्या नावानं हाक मारायला लागलो. वर्षभरानं ती एकदा हजेरीला उभीच राहिली नाही. मी तिच्या खऱ्या नावानं हाक मारत होतो आणि तिचं लक्ष नव्हतं.

पालकांना नियम माहीत नसतात म्हणून इथं लिहितो. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली, २०१७ ला नियम आले. मुलांना चित्रपट-मालिकांत काम करता येतं, पण निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. मुलाच्या कमाईतले निदान वीस टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळायचे. शाळेनं हे एका कागदावर टाईप करून कार्यालयात लावावं आणि शूटिंगसाठी रजेचा अर्ज घेऊन येणाऱ्या प्रत्येक पालकाच्या हातात द्यावं. वीस रुपयांच्या झेरॉक्समध्ये होणारं काम आहे.

आणि कार्यक्रमांचं म्हणाल तर माझं मागणं फार नाही. पाहुण्याला बोलवताना फोनवर विचारा की हल्ली काय करता, आणि ते निमंत्रण पत्रिकेवर पहिल्या ओळीत छापा. तो रिक्षा चालवत असेल तर रिक्षा लिहा, शेती करत असेल तर शेती. फ्लेक्सवर आजचा फोटो लावा. जुना लावायचाच असेल तर शेजारी लावा, म्हणजे दारातला स्वयंसेवक तरी ओळखेल. आधी त्याला बोलू द्या, पुरतं बोलू द्या, मग सत्कार करा. डायलॉगची चिठ्ठी व्यासपीठावर पाठवू नका. त्याला स्वतःला म्हणावासा वाटला तर तो म्हणेलच, आणि तेव्हा तो ऐकायला वेगळीच मजा येते. मी तरी यापुढं कुणाला म्हणायला लावणार नाही. माझ्या हातात तशी चिठ्ठी आली तर मी ती खिशात घालीन. हे मी आधीच सांगून ठेवतोय, म्हणजे नंतर रुसवा नको.

त्या फाउंड्रीतल्या नटाला मी गेल्या आठवड्यात फोन केला. त्या दिवशी सेकंड शिफ्टला होते, रात्री साडेअकराला उलट फोन आला. २४ डिसेंबरला आमच्या जुन्या शाळेत साने गुरुजी जयंतीचा कार्यक्रम आहे, याल का, म्हणून विचारलं. पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "डायलॉग म्हणायचा असंल न्हवं?" मी म्हणालो, "नाही. चाळीस मिनिटं बोलायचं आहे. नाटकांवर." ते म्हणाले, "एवढं कोण ऐकंल सर?" मी सांगितलं की दहावीची मुलं आहेत, ती ऐकतील, आणि नाही ऐकली तर मी पुढच्या रांगेत आहेच. फोटो मागितला तर त्यांनी तालमीतला पाठवला. लुंगीवर, हातात संहिता, तोंडात पेन. मुख्याध्यापकांना जरा वेगळाच वाटला, पण फ्लेक्सला तोच गेलाय.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला आहे, शाळेच्या पटांगणात. त्यांच्या गटातली पोरं एक प्रवेशही करणार आहेत, जागेअभावी तो ते एका पोराच्या घराच्या गच्चीवर बसवतायत. तुम्ही सगळ्यांनी या. तुमच्यापैकी कुणाकडं संध्याकाळी दोन तास मोकळा असलेला हॉल असेल, तालीम मंडळाचा असो, मंगल कार्यालयाचा असो, तर कार्यक्रम संपल्यावर त्यांना तिथंच गाठा. कागद त्यांच्या खिशात असेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक आणि सूत्रसंचालक
शिवाजी पेठ, कोल्हापूर